भिवाचा आवाज

दाजी राऊळांनी उभी हयात लोकांना हसवण्यात घालवली. दशावतारात गणपती-सरस्वती होऊन गेल्यावर जो शंकासूर येतो, काळ्या अंगरख्यातला, निमुळत्या टोपीचा, अस्सल मालवणीत भटजीची फिरकी घेणारा, तो वालावलच्या पंचक्रोशीत म्हणजे दाजीच. जत्रेत पेंगुळलेली पोरं आया गदागदा हलवून उठवायच्या, “उठ रे, दाजी इलो!” म्हणून. पुढे डाव्या गुडघ्याने दगा दिला. खाली बसलं की उठता येईना. नाचल्याशिवाय शंकासूर कसला? दाजींनी टोपी दशावतारी कंपनीतल्या नव्या गड्याला दिली आणि ते घरी बसले. थोडी भातशेती होती, दारात चार माड होते, आणि एकुलता एक मुलगा, त्यांचा झील बाबली, मुंबईला गिरणीत होता. नवराबायको दोघांचं भागत होतं.

बाबली दशावतारात कधी गेला नाही. लहानपणी त्याला एकदा बालगोपाळ म्हणून उभा केला होता, तर तो मांडावरून, खेळाच्या जागेवरून, पळून आईच्या कुशीत शिरला. दाजींनी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. म्हणून अठ्ठावन्न साली मुंबईहून आलेला एक चाकरमानी सांगू लागला, “दाजीनु, तुमचो बाबली रेडिओर बोलता,” तेव्हा त्यांना ते खरं वाटेना.

पण ते खरं होतं. गिरणीतल्या कामगारांच्या नाटकात बाबलीने गड्याचं बारीकसं काम केलं होतं. ते बघायला रेडिओवरचे एक साहेब आले होते. त्यांना एका विनोदी मालिकेसाठी कोकणातला नोकर हवा होता. मालिकेचं नाव ‘गोविंदरावांचं बिऱ्हाड’. दर गुरुवारी संध्याकाळी पाव तास. गोविंदराव म्हणजे दादरचे हेडक्लार्क, त्यांची तापट बायको, आणि घरात नोकर भिवा. भिवाला म्हणे सुरुवातीला दोनच वाक्यं असायची. पण तो मालवणीत बोलला की समोर बसवलेले लोक खो खो हसायचे. मग वाक्यं वाढत गेली. सहा महिन्यांत नाव गोविंदरावांचं आणि कार्यक्रम भिवाचा, असं होऊन बसलं.

गावात रेडिओ एकच होता, खाडीच्या तरीवर, होड्या लागतात तिथल्या धोंडूशेटच्या दुकानात. भली मोठी बॅटरी आणि माडाला बांधलेली तार. गुरुवारी दिवेलागणीला दुकानापुढे जत्रा भरायची. तरीवाला होडी बांधून यायचा. बायका मागच्या पडवीत बसायच्या. दाजींना पुढे तांदळाच्या पोत्यावर बसवायचे. भिवा काहीतरी घोटाळा करायचा, गोविंदराव ओरडायचे, आणि भिवा म्हणायचा, “सायबानु, माजा काय चुकला?” की रेडिओतली माणसं हसायची, दुकानातली माणसं हसायची, आणि पोरं ते वाक्य घेऊन घरोघर जायची. शाळेत मास्तरांनी छडी उगारली तरी पोर म्हणे, “गुरुजीनु, माजा काय चुकला?”

दाजी मात्र हसत नसत. ते आखडूपणा करत होते असं नाही. त्यांना हसू यायचंच नाही. पहिल्या गुरुवारी त्यांचा ऊर भरून आला होता. एवढ्या लांबून आपल्या पोराचा आवाज खोक्यातून येतो म्हणजे काय! डोळ्यांतलं पाणी त्यांनी पंच्याने टिपलं होतं. पण दुसऱ्या, तिसऱ्या गुरुवारी त्यांचा कान कामाला लागला. बाबली वाक्याच्या आधीच हसायला लागतो. लोकांचं हसू निवायच्या आत पुढचं वाक्य दामटतो. रडायचं असलं तरी ओरडतो, घाबरायचं असलं तरी ओरडतो. तो भिवा होतच नाही. बाबलीच वाचून दाखवतोय, आणि घरात बोलतो तसं बोलतोय एवढंच. लोक हसतात ते त्याला नव्हे, आपली भाषा रेडिओवर आली म्हणून हसतात. मुंबईतले कशाला हसतात ते दाजींना सांगता आलं नसतं. तेही बहुधा भाषेलाच हसत असावेत, पण वेगळ्या तऱ्हेने. त्या वाटेला दाजी जात नसत.

“दाजीनु, तुमी हसणास नाय तो!” धोंडूशेट म्हणायचा. “बापाशीक झिलाचा कवतिक नाय.”

“कवतिक आसा,” दाजी म्हणायचे. “हसूक मातर येयना. काय करू?”

लोकांना वाटायचं, जुन्या खेळियाला नव्याचा मत्सर वाटतो. कोणी तसं बोलूनही दाखवलं. दाजींनी घरी येऊन स्वतःशी तपासून पाहिलं. मत्सर असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मत्सर माणसाला गिळता येतो.

पुढच्या मे महिन्यात बाबली रजेवर आला. गावाने त्याला सोडलं नाही. लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी मांड घालून एक तासाचं नाटुकलं बसवलं. त्यात म्हातारा मालक मरणाच्या दारी असतो आणि पोरं नोकराला हाकलून देतात, असा शेवट होता. बाबलीच तो नोकर. तो आला तेव्हा तोंड उघडायच्या आधीच लोक हसू लागले. बाबली आपली वाक्यं विसरला. विसरला की तो “माजा काय चुकला” म्हणायचा, आणि मांड हसून लोळायचा. शेवटी मालकाच्या पायावर डोकं ठेवून रडायचं होतं. तिथेही लोक हसले. दाजी खांबाला टेकून बसले होते. लोक हसले ते एक ठीक. पण तिथे रडणारं कोणी नव्हतंच, हे त्यांना लख्ख दिसलं. बाबली डोळ्यांवर हात ठेवून किती टाळ्या पडतात ते ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात माडाला पाणी घालताना बाबलीने विचारलं, “बाबा, कसा झाला काम?”

“लोक हसले मा?”

“लोकांचा सोडा. तुमचा सांगा.”

दाजींनी कळशी खाली ठेवली. आपल्याला येतं ते द्यावं, असं त्यांना वाटलं. हातात दुसरं होतंही काय? ते म्हणाले, “तू थांबणस नाय रे. बोललस की थांबाक व्हया. समोरच्याक कळाक व्हया, आणि तुका कळला नाय असा वाटाक व्हया. बघ.” आणि त्यांनी त्या दुखऱ्या गुडघ्यावर, कळशी पुन्हा हातात धरून, भटजीकडे तांदूळ मागायला आलेला शंकासूर करून दाखवला. वाक्य साधंच होतं. पण ते बोलून दाजी नुसते उभे राहिले, आणि विहिरीवर कपडे धुणारी सावित्री, त्यांची बायको, हातातलं लुगडं दगडावर टाकून हसत सुटली.

“आता तू,” दाजी म्हणाले.

बाबलीने केलं. दाजींनी पुन्हा दाखवलं. बाबलीने पुन्हा केलं. पोर मन लावून करत होतं, कपाळावर घाम आला होता. तो थांबायचा, पण मोजून थांबल्यासारखा, एस.टी.ची वाट बघत थांबावं तसा. दुपार चढेपर्यंत दोघं तेच करत राहिले. सावित्री आता हसत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. दाजींना कळून चुकलं, हे हाताला धरून देता येण्यासारखं नाही. त्यांना तरी कोणी दिलं होतं?

“जमला,” ते म्हणाले. “बरा जमला.”

बाबलीचा चेहरा उजळला. तो आनंदात मुंबईला गेला.

पावसाळा सुरू झाला. आषाढातल्या एका गुरुवारी दाजी इरलं घेऊन, पाय जपत दुकानात पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. भिवा बोलत होता. “सायबानु, छत्री खय गेली ता माका काय म्हायत?”

दाजींचा एक पाय पायरीवर आणि एक चिखलातच राहिला. ‘खय’. आमचा माणूस ‘खंय’ म्हणतो, नाकातून. हा म्हणाला ‘खय’.

हा बाबली नव्हता.

आवाज तसाच ठेवला होता, चढउतार तेच होते, पण माणूस दुसरा होता. मालवणी तर तो नव्हताच, घाटावरचा कुणीतरी असावा. दाजींनी आजूबाजूला पाहिलं. तरीवाला तंबाखू मळत ऐकत होता. धोंडूशेट तराजूला टेकला होता. कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. खोक्यातला भिवा म्हणाला की छत्री त्याने बाईंच्या भावाला दिली, कारण बाईच म्हणाल्या होत्या याला एकदा घराबाहेर काढ. आणि तो थांबला. गोविंदराव काही बोलेनात. भिवा काही बोलेना. मग अगदी बारीक, काकुळतीच्या आवाजात तो म्हणाला, “पाऊस व्हतो म्हणान दिलंय. तसो मी कोणाक काय देणय नाय.”

दाजी हसले. त्यांनी ओठ दाबून धरले, पंचा तोंडावर घेतला, पण हसू पोटातून फुटून आलं. खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी त्यांना असं हसवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि ते हसत होते.

“बघा! बघा दाजींका!” धोंडूशेट ओरडला. “शेवटी झिलान बापाशीक हसवल्यानच!”

सगळं दुकान त्यांच्याकडे बघून हसायला लागलं. तरीवाल्याने पाठीवर थाप मारली. “बाबली सुदारलो हां, दाजीनु. आज काय बोललो! तुमी शिकवलास तो.”

दाजींनी तोंड उघडलं. काय सांगायचं? तो माझा झील नव्हे? मग माझा झील कुठे आहे? शेवटी पात्रांची नावं सांगायचे, पण धोंडूशेट बॅटरी वाचवायला शेवटची सनई लागताक्षणी बटण फिरवायचा. दाजी ‘होय, होय’ म्हणत राहिले.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सावित्रीने देवापाशी साखर ठेवली होती. “हसलास म्हणे,” ती म्हणाली. तिला एवढं खूश दाजींनी बाबलीच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी साखर खाल्ली.

पुढच्या गुरुवारी ती स्वतः दुकानात आली, बायकांत बसली. परतताना डोक्यावर माडाची झावळी धरून दोघं चालत होती. बांध ओलांडताना तिने लुगडं वर खोचलं. मग म्हणाली, “सर्दी झाली हा तेका. आवाज बसलो हा.”

“होय,” दाजी म्हणाले.

“मुंबयचो पाऊस वायट.”

“होय गो.”

तिने ओळखलं होतं की नव्हतं, हे दाजींना त्या रस्त्यावर कळलं नाही. विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण विचारलं आणि तिने नसलंच ओळखलेलं, तर?

चतुर्थीला बाबली आला, कोल्हापूरवरून एस.टी.ने. वाळला होता. बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. गणपतीत गुरुवार आलाच. दिवेलागणीला धोंडूशेटची माणसं घरी आली आणि त्याला ओढतच घेऊन गेली. दाजी मागून निघाले.

“तू हयसर मगे थंयसर कोण बोलतलो रे?” तरीवाल्याने विचारलं.

दाजींनी बाबलीकडे पाहिलं.

“आदी टेपवर भरून ठेवतत,” बाबली म्हणाला. “गेल्या हप्त्यात भरला.”

लोकांना त्याचं भारी नवल वाटलं. त्याला तांदळाच्या पोत्यावर बसवलं, दाजींच्या शेजारी. सनई वाजली. भिवा बोलू लागला, आणि बाबली ऐकू लागला. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, दाजींसारखंच. पण तो असा बसला होता की आपलाच आवाज ऐकताना माणूस लाजतो तसा, मान किंचित खाली, अंगठ्याने पोत्याचा धागा उसवत. लोक हसले की तो मान हलवायचा. एका पोराने विचारलं, “आता गोविंदराव काय म्हणतले?” तर बाबलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “सांगलंय तर मजा जायत. आयक.” मायेने म्हणाला. एकालाही शंका आली नाही. दाजी शेजारी बसून बघत होते. आपला पोरगा आयुष्यात पहिल्यांदा खरं काम करत होता आणि त्याच्या कामात त्यांना एकाही ठिकाणी चूक काढता येत नव्हती.

घरी येताना बाबली बांधावर थांबला. भाताची लोंबी भरत आली होती. तो बापाकडे न बघता म्हणाला, “बाबा, तुमी ओळखलास.”

“पयल्याच दिवशी.”

मग त्याने सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचं काम एकसुरी होतंय, पत्रं येतात. पुण्याचा एक नट आणला. बाबलीला दूधवाल्याचं काम दिलं, दोन गुरुवार. दारावर थाप मारायची आणि ‘दूध’ म्हणायचं. नंतर बोलावणंच आलं नाही. तो गिरणीत तिसऱ्या पाळीला लागला. तिथेही लोक त्याला भिवा म्हणतात, आणि त्याच्याने खरं सांगवत नाही.

“तो बरो करता,” बाबली म्हणाला.

“होय.”

“माका हसूक येता तेच्या बोलण्याक. कानार हात ठेवलंय तरी येता.”

दाजींना वाटलं, सांगावं, मलाही.

“माका येणाच नाय काय, बाबा?”

“तुजा बोलणा खरा आसा रे. आपल्या माणसाचा बोलणा...”

“ता इचारूक नाय मी.”

खाडीकडून वारा आला, भात वाकलं आणि उभं राहिलं. दाजींना आठवलं, मे महिन्यात त्यांनी परसात ‘बरा जमला’ म्हटलं होतं. तेच पुन्हा म्हणता आलं असतं. पण पोराने या वेळी त्यांच्या डोळ्यांत बघितलं होतं.

“नाय,” ते म्हणाले. “येणा नाय, बाबल्या.”

बाबलीने मान हलवली. त्याचं ओझं उतरलं, असं काही झालं नाही. तो तसाच उभा राहिला, मग चालू लागला, आणि दाजी पाय ओढत मागून गेले. घराच्या मेरेशी, कुंपणापाशी, तो एवढंच म्हणाला, “आयेक सांगू नकात.”

गणपती पाण्यात गेले, बाबली मुंबईला गेला. दाजी दर गुरुवारी दुकानात जात राहिले. गेले नसते तर लोकांनी विचारलं असतं. ते पोत्यावर बसत, खोक्यातला परका माणूस बोले, आणि त्यांना हसू येई. ते न येण्यासाठी त्यांनी पायाला चिमटे काढून पाहिले, मनात मेलेली माणसं आठवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. तो मुळी थांबायचाच असा.

कार्तिकात पंचायतीने ठराव केला: गावाचं नाव रेडिओवर नेणाऱ्या बाबली राऊळाचा जत्रेला सत्कार करायचा. मुंबईला तार गेली. रजा नाही, असं उत्तर आलं. मग सरपंच म्हणाले, झील नाही तर बापूस घेईल, दाजी काय परके आहेत? दाजी नको म्हणाले. गुडघा पुढे केला. सरपंच हसले, “तुमका नाचाक खंय सांगतव?”

जत्रेच्या संध्याकाळी दीपमाळेवर पणत्या लागत असताना त्यांना मांडावर नेलं. शाल घातली, नारळ हातात दिला. ज्या मांडावर त्यांनी उभी हयात लोकांना हसवलं त्याच मांडावर ते उभे होते. समोर सावित्री नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. सरपंच म्हणाले, “दाजीनु, भिवाचे बापूस म्हणान दोन शब्द बोला.”

दाजींनी ठरवलं होतं की देवासमोर खोटं बोलायचं नाही. खरंही बोलता येणार नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. ते तसेच उभे राहिले, नारळ छातीशी धरून, डोळे मोठे करून. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. लोकांना वाटलं, दाजींनी शंकासूर काढला. हसू मांडभर पसरत गेलं, म्हातारे मांड्या थोपटू लागले, “ह्यो खरो दाजी!” म्हणू लागले. दाजींनी हात वर करून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, तर ते अधिकच हसले. शेवटी ते खाली बसले. गुडघा वाकेना म्हणून धपकन बसले, त्यालाही लोक हसले.

सगळ्या गर्दीत सावित्री एकटी हसत नव्हती.

घरी आल्यावर तिने त्यांच्या खांद्यावरची शाल काढली, झटकली, नीट घडी केली. पेटीत ठेवील असं दाजींना वाटलं. तिने ती मुंबईला पाठवायच्या पेजेच्या तांदळाच्या पिशवीत, वर, ठेवली.

“धोंडूशेटचो भाचो सोमवारी मुंबयक जाता,” ती म्हणाली. “तेच्याकडे दिया. तिसऱ्या पाळयेसून घराक येताना थंड लागता पोराक.”

तिसऱ्या पाळीचं बाबलीने फक्त आपल्याला, बांधावर सांगितलं, असं दाजी समजत होते. दाजी तिच्याकडे बघत राहिले. ती चुलीपुढे वाकली आणि लाकडं पुढे सारू लागली.

सोमवारी सकाळी दाजींनी पिशवी तरीवर नेऊन दिली. गोविंदरावांचं बिऱ्हाड पुढे दीड वर्ष चाललं आणि बंद झालं. बाबली गिरणीतच राहिला. ती शाल तो वापरतो की नाही, हे दाजींनी त्याला कधी विचारलं नाही.